कंडेन्सेट बंद करू नका, फीड टाकी वर उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत खवा आणि कंदी पेढ्याचं युनिट आहे. ब्रिकेटवर (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांवर) चालणारा, तासाला एक टन वाफेचा बॉयलर ७ किलो दाबावर चालतो, पीआरव्हीनंतर, म्हणजे दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतर, चार जॅकेट कढयांना (दुहेरी भिंतीच्या, मधे वाफ खेळणाऱ्या) ३ किलो दाबाची वाफ जाते. पूर्वी कढयांचं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, मागच्या गटारात जायचं. गेल्या महिन्यात चारही कढयांचे आउटलेट एकत्र जोडले, त्यांना मिळून एक ट्रॅप (पाणी सोडणारा, वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) लावला आणि पाऊण इंची पाइप छताखालून नेऊन बॉयलर हाउसच्या फीड टाकीत, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, सोडला. तेव्हापासून दुपारी फीड पंप खडखडतो, अँपिअर पडतात, बॉयलरमध्ये पाणी चढत नाही आणि लो-वॉटरचा अलार्म वाजतो. कढया पहिल्यापेक्षा उशिरा तापतात. टाकीतून वाफेचे लोट निघतात. फिटर म्हणतो पंप बदला, मालक म्हणतात लाईन काढा आणि पूर्वीसारखं गटारात सोडा. काय करावं?

लाईन काढू नका. पंपही सध्या बदलू नका. पंप बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल. तुमच्या बॉयलर हाउसची मांडणी थंड पाण्यासाठी केलेली आहे आणि तुम्ही तिच्यात उकळायला आलेलं पाणी आणून सोडलंत. टाकी, सक्शनचा (टाकीतून पंपात येणारा) पाइप, फ्लोट, ट्रॅप यातलं काहीच त्या पाण्यासाठी तयार नव्हतं. एकेक गोष्ट नीट केली की तिन्ही तक्रारी जातील.

त्याआधी एक गोष्ट आजच्या आज करा. लो-वॉटरचा अलार्म वाजतोय म्हणून कुणी लेव्हल कंट्रोलरची, ज्याला सगळे मोब्री म्हणतात त्याची, वायर बायपास केली असेल तर ती लगेच परत जोडा. तेल किंवा गॅसचा बर्नर कट झाला की ज्योत तिथेच विझते. ब्रिकेटच्या बॉयलरमध्ये पंखे थांबले तरी जाळीवरचा निखारा धगधगत राहतो. पाणी ग्लासच्या खाली गेलं तर पंखे बंद करायचे, विस्तव ओढायचा आणि पंप चालू करून तापलेल्या नळ्यांवर पाणी अजिबात सोडायचं नाही. हे फायरमनला माहीत असतं, पण वर उभं राहून "पेढ्याची ऑर्डर आहे, चालू ठेव" म्हणणाऱ्यालाही माहीत असायला हवं.

आता मालकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण लाईन ठेवायची की काढायची हा शेवटी पैशाचा प्रश्न आहे. तुम्ही वाफेचा वापर तासाला साधारण ७०० किलो लिहिलाय. त्यातले ५०० किलो कढयांत जातात. उरलेली वाफ पनीर, कॅन धुणं आणि गरम पाणी यांत थेट खर्ची पडते, ती परत येत नाही. ५०० किलो कंडेन्सेट ९० अंशांना टाकीत पोचलं आणि बोअरचं पाणी २७ अंशांचं धरलं तर प्रत्येक किलोमागे ६३ किलोकॅलरी वाचतात, म्हणजे तासाला ३१,५०० किलोकॅलरी. ब्रिकेटची उष्णता किलोला ३,८०० आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर एक किलो ब्रिकेटमधून हाती २,६६० किलोकॅलरी लागतात. म्हणजे तासाला जवळपास १२ किलो ब्रिकेट नुसतं फीडवॉटर गरम आल्यामुळे वाचतं. फीडवॉटर ६ अंश वाढलं की इंधन १ टक्का कमी लागतं, असा जुना ठोकताळा आहे; त्यानेही हिशोब इथेच येतो.

दुसरी बचत कुणी मोजत नाही. कंडेन्सेट म्हणजे वाफेचंच पाणी झालेलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. सॉफ्टनरमधून (पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०० आहे आणि बॉयलरमध्ये ३,५०० पर्यंत चालतो असं धरा. सगळं फीड ताजं असेल तर वाफेच्या जवळपास १६.७ टक्के ब्लोडाउन (साचलेले क्षार काढायला बॉयलरचं पाणी बाहेर सोडणं) करावं लागतं, म्हणजे तासाला ११७ लिटर, तेही १७० अंशांचं पाणी. ७०० मधले ५०० किलो परत आले की फीडचा टीडीएस १४३ वर येतो आणि ब्लोडाउन ४.३ टक्क्यांवर, म्हणजे ३० लिटरवर. तासाला ८७ लिटर तापलेलं, मऊ केलेलं पाणी वाचलं. त्याचं साडेचार किलो ब्रिकेट आणखी. दोन्ही मिळून इंधनात १० टक्क्यांच्या आसपास बचत होते आणि बोअरचं पाणी तासाला सुमारे ५८० लिटर कमी लागतं. तुमचा ब्रिकेटचा भाव आणि दिवसाचे तास यांनी गुणा आणि तो आकडा मालकांपुढे ठेवा.

फक्त हे ५०० किलो अंदाजाचे नकोत. मोजायची पद्धत सोपी आहे. ड्रम निम्मा थंड पाण्याने भरा, प्लॅटफॉर्मच्या काट्यावर वजन घ्या, ट्रॅपच्या पुढचा पाइप त्या पाण्यात बुडवून पाच मिनिटं सोडा, मग परत वजन करा. थंड पाण्यात सोडल्यामुळे उडून जाणारी वाफही त्यातच जिरते आणि माप खरं येतं. कोरड्या बादलीत सोडलंत तर माप कमी येईल आणि हातही भाजेल. चारही कढयांचं, भर कामात आणि सुरुवातीला, असं दोन्ही वेळचं माप घ्या. सुरुवातीचं माप बऱ्याचदा दुप्पट निघतं, आणि लाईन त्या मापाची लागते.

आता पंप. इथे थोडं खोलात जातो, कारण नव्वद टक्के ठिकाणी कंडेन्सेटची लाईन पंपापायी परत तोडली जाते.

सेंट्रिफ्यूगल पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाण्याला पंपात ढकलतो तो टाकीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब कमी होतो. तिथला दाब पाण्याच्या त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली गेला की पाणी तिथल्या तिथे उकळतं, बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते फुटतात. तुमच्याकडे खडी भरल्यासारखा आवाज येतो तो हाच. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे. हवेचा दाब इथे ०.९३ बारच्या आसपास असतो आणि पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. पाणी २७ अंशांचं असताना या दाबातून बाष्पदाब वजा केला तर पंपासाठी ९ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) हातात राहतो. म्हणून थंड पाण्यावर कसलीही वाकडीतिकडी सक्शन लाईन चालून जाते, कुणाला पत्ता लागत नाही. ८० अंशांना हा हेड पावणेपाच मीटरवर येतो. तुमचा थर्मामीटर दुपारी ९२ दाखवतो, त्या वेळी उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. त्यातून गाळ बसलेला स्ट्रेनर, तीन एल्बो आणि ग्लोब व्हॉल्व्ह यांचा घास वजा करा. पंपाला मात्र त्याच्या कॅटलॉगप्रमाणे दोन-अडीच मीटर हवेच असतात. सकाळी पंप गुमान चालतो आणि दुपारी ओरडतो याचं कारण एवढंच आहे, पंप बिघडलेला नाही. नवा आणलात तर तोही दुपारीच ओरडेल.

त्यावर उपाय म्हणजे टाकी उंच करणं. पाणी ८५ अंशांच्या आसपास राहणार असेल तर टाकीतली खालची लेव्हल पंपाच्या मध्यापासून दीड ते दोन मीटर वर असावी. ९५ पर्यंत जाणार असेल तर तीन ते चार मीटर. नेमका आकडा तुमच्या पंपाच्या एनपीएसएचच्या (पंपाला तोंडाशी किमान किती हेड लागतो त्याच्या) वक्रावरून घ्या आणि त्यावर किमान अर्धा मीटर जास्त ठेवा. तुमच्याकडे टाकी जमिनीवर एका ओट्यावर आहे, पंप तिच्या शेजारी. तीन मीटरचं चॅनेलचं स्टँड करून घ्या. हजार लिटरची टाकी पाण्यासकट सव्वा-दीड टनाला जाते, तेव्हा फॅब्रिकेटरकडून पाय, ब्रेसिंग आणि खालचा पाया नीट करून घ्या. शेडच्या ट्रसवर ठेवायचा विचारही करू नका. आणि ती काळी प्लास्टिकची टाकी असेल तर आधी तीच बदला. ९० अंशांना प्लास्टिक मऊ पडतं, नोजलपाशी फाटतं, आणि खाली माणूस उभा असतो. ३०४ स्टेनलेसची टाकी, वरून ५० मिलिमीटर लोकर आणि ॲल्युमिनियमचा पत्रा. साधी लोखंडी टाकी गरम पाणी आणि हवा यांच्या माऱ्यात आतून खड्डे पडून जाते, आणि तोच गंज बॉयलरमध्ये येतो.

सक्शनची लाईन पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठी, आखूड आणि सरळ खाली येणारी असावी. व्हॉल्व्ह गेट किंवा फुल बोअर बॉल. रिड्यूसर एक्सेंट्रिक लावा आणि त्याची सपाट बाजू वर ठेवा, नाहीतर वरच्या खोबणीत वाफेचा फुगा बसून राहतो. स्ट्रेनर मोठ्या जाळीचा, आणि दर आठवड्याला उघडायचा.

टाकी उंच होईपर्यंत आजचं काम चालवायचं तर दोन कढयांचं कंडेन्सेट पुन्हा बाहेर वळवा आणि टाकीचं तापमान ७५ च्या वर जाऊ देऊ नका. पंप शांत होईल. निम्मी बचत तरी हातात राहील. टाकीत थंड पाण्याचा नळ सोडून तापमान पाडणं मात्र करू नका, त्याचं कारण पुढच्याच गोष्टीत आहे.

फीड टाकीचं झाकण उघडून दुपारी एकदा नुसतं बघत उभे राहा. बऱ्याच युनिटमध्ये असं दिसतं: मेकअपच्या (कमी पडलेलं भरून काढणाऱ्या ताज्या) पाण्याचा फ्लोट टाकीच्या वरच्या काठाशी लावलेला असतो. बॉयलरने थोडं पाणी घेतलं की फ्लोट लगेच खाली जातो आणि सॉफ्टनरचं थंड पाणी धो धो येऊन टाकी पुन्हा काठोकाठ भरते. दहा मिनिटांनी कढयांवरून कंडेन्सेट येतं, त्याला जागाच नसते. ते वरच्यावर तरंगतं, कारण गरम पाणी हलकं, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून शांतपणे बाहेर जातं. गटारात जायचं ते आता टाकीमार्गे गटारात जातं. बाहेर ओव्हरफ्लोच्या तोंडाला हात लावून बघा, गरम असेल तर तुमच्याकडेही हेच चाललंय. फ्लोट टाकीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आणा. मेकअप फक्त कमी पडेल तेवढाच येईल आणि वरची दोन-तृतीयांश जागा कंडेन्सेटसाठी मोकळी राहील. या कामाला अर्धा तास लागतो, आणि मी कुठेही गेलो की आधी हेच बघतो.

आता टाकीतून निघणारे लोट. वाफ दिसली म्हणजे ट्रॅप फुटला, असं लगेच समजू नका. ३ किलोच्या जॅकेटमधलं पाणी १४४ अंशांचं असतं. ट्रॅपमधून बाहेर मोकळ्या दाबाला आलं की त्याला १४४ वर राहता येत नाही. त्यातलं साधारण ८ टक्के पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. ही फ्लॅश स्टीम, आणि ती निरोगी ट्रॅपमधूनही येणारच. फरक ओळखायचा तो असा: फ्लॅश ही कढयांच्या कामाबरोबर वाढते-घटते. ट्रॅप उघडा राहिला असेल तर कढईत काही उकळत नसतानाही लोट तसाच येत राहतो. जेवणाच्या सुट्टीत कढयांचे इनलेट एकेक करून बंद करा आणि टाकीजवळ कुणाला तरी उभं करा. ज्या कढईचा व्हॉल्व्ह मिटला की लोट एकदम बसतो, त्या कढईचा ट्रॅप तपासायला घ्या.

तुमच्याकडे मात्र हे करताच येणार नाही, कारण चार कढयांना मिळून एकच ट्रॅप आहे. हे आधी सुधारा. चार कढया कधीच एका दाबावर नसतात. एकीत आत्ताच दूध ओतलंय, तिच्या जॅकेटमध्ये वाफ भराभर पाणी होतेय आणि दाब पडलाय. शेजारची खवा आटण्याच्या शेवटच्या टप्प्यात, तिचा दाब पूर्ण तीन किलो. दोघींचे आउटलेट एका पाइपात आले की जास्त दाबाची कढई कमी दाबाच्या कढईचं पाणी अडवून धरते. ज्या कढईला सगळ्यात जास्त वाफ हवी, तीच पाण्याने भरून बसते. "एक नंबरची कढई तापतच नाही" असं लिहिलंय तुम्ही, ती बहुतेक यात सापडलेली आहे. प्रत्येक कढईला स्वतंत्र ट्रॅप, त्याच्या आधी स्ट्रेनर, नंतर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि शक्य तर काचेचा साइट ग्लास. ट्रॅप बॉल फ्लोटचा घ्या, हवा काढणाऱ्या थर्मोस्टॅटिक एलिमेंटसह. थर्मोडायनॅमिकचा चकतीवाला ट्रॅप स्टीम लाईनच्या ड्रेनला उत्तम चालतो. कढईला तो हवेने अडतो, आणि पुढचा दाब वाढला की बेभरवशाचा होतो. कढई कलती असेल आणि कंडेन्सेट आतल्या वाकड्या नळीतून वर येऊन निघत असेल, तर स्टीम लॉक रिलीजची सोय असलेलाच फ्लोट ट्रॅप मागा. नाहीतर नळीत वाफ अडकते, ट्रॅप बंद राहतो आणि पाणी जॅकेटच्या तळाशी साचत राहतं.

ट्रॅप बदलूनही कढया हळूच तापतील, जर पुढचा पाइप तोच राहिला. आउटलेट ओट्याच्या खाली आहे आणि तुमची लाईन तिथून चार मीटर वर छताला चढते. प्रत्येक मीटर चढाला जवळपास ०.१ बार लागतो. जॅकेटमध्ये पूर्ण तीन किलो असताना हा चढ काहीच नाही. पण थंड दूध ओतल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जॅकेटचा दाब शून्यापर्यंत येतो, त्या वेळी कंडेन्सेट वर ढकलायला कुणीच नसतं. नेमकी तेव्हाच ते सगळ्यात जास्त तयार होतं.

शिवाय पाइप पाऊण इंची. फिटरने पाण्याचा हिशोब केला असणार: तासाला ५०० लिटर, पाऊण इंच भरपूर झाला. पण त्या पाइपातून वाहतं त्यात आकारमानाने वाफच जास्त असते. ५०० किलोच्या ८ टक्के म्हणजे ४० किलो फ्लॅश, आणि मोकळ्या दाबाला एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा घेते. म्हणजे तासाला ६७ घनमीटर वाफ, आणि तिच्याबरोबर पाणी जेमतेम अर्धा घनमीटर. पाऊण इंचीत ही वाफ सेकंदाला ५० मीटरच्या वर पळते, वाटेतल्या पाण्याला घेऊन एल्बोवर आदळते आणि मागे कढईपर्यंत दाब तयार करते. दोन इंची पाइपात हाच वेग १० मीटरच्या आत येतो. दोन इंचीच घाला; सुरुवातीचा लोड दुप्पट झाला तरी झेपेल.

माझा सल्ला असा: छताला चढायचंच नाही. चारही ट्रॅपमधून दोन इंची लाईन उताराने कढयांच्या मागे एका छोट्या रिसीव्हरमध्ये (पाणी साठवायच्या भांड्यात) आणा. उतार आठ फुटाला एक इंच, वाहण्याच्या दिशेने. रिसीव्हरला मोठा, मोकळा व्हेंट ठेवा. तिथून फीड टाकीपर्यंत पाणी पंपाने ढकला. इथे इलेक्ट्रिक पंप लावलात तर वर सांगितलेला सगळा उकळण्याचा प्रश्न परत उभा राहतो, म्हणून त्यालाही रिसीव्हर उंचावर आणि पंप खाली लागेल. मला या ठिकाणी वाफेवर चालणारा कंडेन्सेट पंप पसंत आहे. त्यात इंपेलर नसतो. आतला फ्लोट वर आला की वाफ आत शिरते आणि साचलेलं पाणी पुढे ढकलते. पाणी ९७ अंशांचं असलं तरी त्याला फरक पडत नाही, आणि ओल्या जागेत विजेची जोडणी येत नाही. किंमत जास्त आहे, हे खरं. पण चार कढयांमागे एक पुरतो.

फीड टाकीत लाईन सोडताना ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली न्या आणि शेवटी भोकं पाडलेला आडवा पाइप लावा, म्हणजे फ्लॅश पाण्यात जिरेल आणि मेकअपच्या पाण्यातला प्राणवायूही तापून बाहेर पडेल. थंड पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो, ९० अंशांना तो दीडदोनवर येतो. प्राणवायू शोषणाऱ्या सल्फाइटचा डोस त्या मानाने कमी लागतो. मात्र बुडालेल्या पाइपाला पाण्याच्या वर एक छोटं भोक ठेवा. संध्याकाळी लाईन थंड झाली की आत पोकळी होते आणि टाकीचं पाणी उलटं कढयांकडे ओढलं जातं. ते भोक हवा आत घेतं आणि हे टाळतं.

लाईनवर लोकर लावा हे सांगायला नको. गंजाबद्दल मात्र सांगायला हवं. सातारा-सांगलीचा बराच भाग काळ्या पाषाणाचा, आणि त्यातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, बायकार्बोनेटला हात लावत नाही. बॉयलरच्या तापमानाला ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर कढयांपर्यंत जातो आणि कंडेन्सेटमध्ये विरघळून आम्ल होतं. पाइप कापून बघितला तर तळाशी, पाणी वाहतं त्या रेषेत, चर पडलेली दिसते आणि आटे आधी गळतात. म्हणून आट्यांपेक्षा वेल्डिंग, आणि पाइप निदान सी क्लासचा (जाड भिंतीचा). परवडत असेल तर स्टेनलेस. कंडेन्सेटचा पीएच साडेआठच्या आसपास असावा. सातच्या खाली जात असेल तर आधी मेकअपच्या पाण्याची अल्कलिनिटी तपासा. केमिकलवाला यावर अमाइन (आम्ल मारणारं रसायन) सुचवेल. तुमच्याकडे पनीरला वाफ थेट लागते, दुधाच्या पदार्थाला लागणाऱ्या वाफेत अमाइन नको. त्याला हे स्पष्ट सांगा.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत आणि मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. कढईच्या जॅकेटला बारीक चीर गेली तर दूध कंडेन्सेटमध्ये येतं. चालू कामात जॅकेटचा दाब जास्त, त्यामुळे वाफ दुधात जाते आणि कुणाला कळत नाही. वाफ बंद केली की जॅकेटमध्ये पोकळी होते आणि दूध आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं कंडेन्सेट ते थेट बॉयलरमध्ये घेऊन जातं. बॉयलरच्या ग्लासमध्ये फेस, ब्लोडाउनला करपलेल्या दुधाचा वास आणि घसरलेला पीएच, ही त्याची लक्षणं. जोवर पाणी गटारात जात होतं तोवर या चिरेने तुमच्या बॉयलरचं काही बिघडत नव्हतं, आता बिघडेल.

आपल्या पट्ट्यातले साखर कारखाने हे फार आधीपासून पाळतात. इव्हॅपोरेटरच्या (उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या रांगेतल्या) पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट बॉयलरला जातं, पुढच्या बॉडींचं बहुतेक प्रोसेसला, आणि बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी सतत चालू असते. नमुन्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग नळीच्या कडेने तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. साखरेचा अंश असेल तर दोन्हींच्या सीमेवर जांभळी कडी उठते. तुमच्या क्वालिटीच्या केमिस्टला हे जमेल. ॲसिड हाताळायची सवय नसलेल्या माणसाला देऊ नका. टीडीएस मीटर पुरेल का? दुधापुरता पुरेल, कारण दुधातले क्षार मीटरवर दिसतात. चांगल्या कंडेन्सेटचा टीडीएस १०-२० च्या आत असतो, तो चढू लागला की शंका घ्या. पण पेढ्याच्या कढईतली साखर मीटरला दिसतच नाही. त्या कढईसाठी नॅफ्थॉलच हवं.

म्हणून प्रत्येक कढईच्या ट्रॅपनंतर नमुन्याचा छोटा नळ आणि गटाराकडे वळवायचा व्हॉल्व्ह ठेवा. रोज सकाळची पहिली दहा मिनिटं सगळं बाहेर सोडा, मीटर लावा, मग टाकीकडे वळवा. जॅकेटवर व्हॅक्यूम ब्रेकरही (पोकळी झाली की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बसवा. छोटी वस्तू आहे, पण संध्याकाळी दूध ओढलं जाणं तिने थांबतं, आणि सकाळी अडकलेलं पाणी सुटायलाही तिची मदत होते.

लाईन स्थिरावली की ब्लोडाउनची जुनी सवय मोडावी लागेल. फायरमन पूर्वीइतकाच वेळ व्हॉल्व्ह उघडत राहिला तर वर काढलेल्या ब्रिकेटच्या बचतीतली पाव हिश्श्याहून थोडी जास्त रक्कम तिथेच जाईल. बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस रोज मोजा आणि त्यावरून ब्लोडाउन ठरवा. लेव्हल कंट्रोलरच्या चेंबरचं ब्लोडाउन मात्र दर पाळीला करायचंच, त्याचा टीडीएसशी संबंध नाही.

कामाचा क्रम: फ्लोट आज खाली आणा. या आठवड्यात चार ट्रॅप वेगळे करा. मग टाकीचं स्टँड आणि सक्शन, शेवटी दोन इंची लाईन आणि रिसीव्हर. टाकी, कंडेन्सेटची लाईन आणि पंपाची सक्शन हे तुमचा फॅब्रिकेटर करू शकतो. पंपापासून बॉयलरपर्यंतची फीड लाईन आणि साडेतीन किलोच्या वरची स्टीम लाईन आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये) येते. स्टँडमुळे पंपाची जागा हलवावी लागली आणि डिलिव्हरीचा पाइप तोडावा लागला, तर आधी बॉयलर खात्याची मंजुरी, आयबीआरचा पाइप आणि सर्टिफाइड वेल्डर. म्हणून शक्यतो पंप आहे तिथेच ठेवा आणि टाकीच त्याच्या डोक्यावर आणा.